कापसाच्या वाटेने अमेरिका : प्रस्तावना

अमेरिकेचा इतिहास मराठीत सांगताना सुरुवात बहुधा जॉर्ज वॉशिंग्टनपासून, लिंकनपासून किंवा स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापासून होते. पुढची पाने जळगावच्या कापूस बाजारातून सुरू होतात, आणि यात गावाचे कौतुक करण्याचा हेतू नाही. १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या. पुढच्या चार वर्षांत त्या युद्धाने ज्या परमुलखांची शेती उलटीपालटी केली, त्यांत इजिप्त होता, गुजरात होता, वऱ्हाड होते आणि तापी-गिरणेच्या काठची आपली काळी जमीनही होती. १८८० साली छापलेल्या खानदेशच्या सरकारी गॅझेटियरने जळगावची ओळख करून देताना ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. अमेरिकेतल्या युद्धाच्या काळात हे गाव कापसाची मोठी पेठ झाले, युद्ध संपताच भाव पडून त्याला जबर फटका बसला आणि पुढे ते पुन्हा सावरले. एखाद्या गावाच्या चढउताराचे कारण सातासमुद्रापलीकडच्या लढाईत आहे, असे इतक्या सरळपणे फार थोड्या गावांबद्दल सांगता येते.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आधुनिक अमेरिकेच्या इतिहासातले जवळजवळ प्रत्येक मोठे वळण खानदेशात येऊन पोहोचले आहे. मात्र ते आधी भाव होऊन येते. त्यामागचे कारण मागाहून कळते, आणि त्या भावाच्या दोन्ही टोकांना राबणारा माणूस सगळ्यात शेवटी दिसतो. कित्येकदा दिसतच नाही. धुळ्याच्या बाजारात ‘काय भाव शे?’ हा प्रश्न दीडशे वर्षे विचारला जातो आहे. भाव कोण ठरवतो, कशाच्या जोरावर ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे त्यापुढचे प्रश्न. ते विचारायचे, तर अमेरिकेचा इतिहास वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

कालखंड कसे पाडले, ते आधी सांगतो. ‘आधुनिक’ म्हणताना मी १८६१ पासूनचा काळ धरला आहे. यादवी युद्ध आणि त्यानंतरची पुनर्रचना हा पहिला टप्पा, १८७७ पर्यंतचा. कारखाने, रेल्वे आणि मक्तेदारांचा दुसरा टप्पा १९२९ पर्यंत चालतो. महामंदी आणि रूझवेल्टचा न्यू डील हा तिसरा. दुसऱ्या महायुद्धापासून सोव्हिएत संघाच्या विघटनापर्यंतचा चौथा. नागरी हक्कांची चळवळ याच्याच पोटात येते. १९९१ नंतरचा, संगणकाचा, बियाण्यांच्या पेटंटांचा आणि आता आयातशुल्कांचा पाचवा, तो अजून चालू आहे. ही विभागणी अमेरिकेतल्या अभ्यासकांच्या विभागणीशी बरीचशी जुळते. फरक पडतो तो शेवटाच्या तारखांत. तिकडे एखादे पर्व ज्या दिवशी संपले असे मानतात, त्या दिवशी इकडे त्याची वसुली सुरू झालेली असते.

पहिल्या टप्प्यावर मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत, कारण आपला संबंध तिथे सर्वांत घट्ट आहे. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे दातेरी यंत्र केले आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस हा नगदी पिकांचा राजा झाला. यंत्राने सरकी काढणे सोपे केले. पेरणी, खुरपणी, वेचणी मात्र हातानेच व्हायची. ते हात गुलामांचे होते. १८६० मध्ये अमेरिकेत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात होती. लँकेशायरच्या गिरण्यांत लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस त्यांच्या श्रमातून यायचा. एकाच मुलखावर इतके विसंबणे धोक्याचे आहे, हे इंग्रजांना कळत नव्हते असे नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये दहा अमेरिकन मळेवाले पगारावर हिंदुस्थानात आणून अमेरिकन जातीची लागवड करून पाहिली. धारवाडकडे ते बियाणे रुजले. खानदेशात आखूड धाग्याचा देशी कापूसच राहिला. घरोघरी बाया रेच्यावर सरकी काढत, रुई बैलगाड्यांनी घाट उतरून मुंबईला जाई. त्यातच १८५२ साली नव्या जमीनमोजणीविरुद्ध एरंडोल, यावल, सावदा, फैजपूर या भागात शेतकरी उठले होते. सरकारचा सारा आणि सावकाराचे व्याज यांच्या कात्रीत हा शेतकरी आधीच सापडलेला होता, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढची तेजी नीट समजते.

युद्ध पेटताच उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. लँकेशायरला कापूस मिळेना, गिरण्या बंद पडू लागल्या, आणि लिव्हरपूलच्या दलालांनी आतापर्यंत नाक मुरडलेल्या हिंदी कापसाकडे मोर्चा वळवला. तिथे आपल्याकडचा सगळा माल ‘सुरती’ या एकाच नावाने ओळखला जाई. त्यात खानदेशचा कापूस कुठला आणि भडोचचा कुठला, याची फिकीर कुणाला नव्हती. मुंबईत भाव पाहता पाहता चौपटीच्या आसपास गेले. कमी पिकणाऱ्या पण भाव मिळवून देणाऱ्या कापसाने ज्वारी-बाजरीची शेते व्यापली. लांब धाग्याचे हिंगणघाटी बियाणे खानदेशात आणण्यासाठी कलेक्टर ॲशबर्नर यांनी जोर लावला. माल वाढला तशी भेसळही वाढली. गाठीत सरकी, माती, जुना कापूस घालायचा, वजन भरावे म्हणून पाणी मारायचे, हे इतके बोकाळले की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. आजही ओला कापूस आणला म्हणून जिनवाला क्विंटलमागे कटती लावतो, तेव्हा त्या भांडणाचे वय किती आहे हे शेतकऱ्यालाही ठाऊक नसते आणि जिनवाल्यालाही.

हा पैसा गेला कुठे? सुमारे सात कोटी पौंड जादा मुंबईच्या वाट्याला आले, असा तेव्हापासूनचा अंदाज आहे. शेतकऱ्याच्या हातीही पैसा खेळला. कुणी नांगराचा फाळ चांदीचा केला, कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्या, असल्या गोष्टी त्या काळच्या इंग्रजी लिखाणातून पसरल्या आणि अजून सांगितल्या जातात. त्या खऱ्या असल्या तर फारच थोड्या घरांपुरत्या खऱ्या असतील. पीक उभे असतानाच सावकाराने उचल दिलेली असायची, भाव त्याच वेळी ठरलेला असायचा. सावकाराकडून आडत्याकडे, आडत्याकडून मुंबईच्या निर्यातदाराकडे माल जाताना प्रत्येक पायरीवर तेजीचा एकेक थर काढून घेतला जाई. शेतकऱ्याकडे जे आले त्यातून लग्ने झाली, विहिरी झाल्या, बैल आले; आणि पत वाढली म्हणून कर्जही वाढले.

रेल्वेची गोष्ट या संदर्भात मुद्दाम वाचावी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ खानदेशातून जाणार, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही ठाणी होणार, हे आधीच ठरले होते. पण कसाऱ्याचा घाट १८६५ साली रेल्वेने पार केला. म्हणजे कापसाच्या गाठी सलग आगगाडीने मुंबईला जाण्याची सोय होईपर्यंत तेजीच संपत आली होती. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली याने ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली. सहा दिवसांनी लिंकन गेला. मुंबईत युद्ध संपल्याच्या बातमीने कापूस गडगडला आणि त्याच्यावर उभा असलेला शेअरांचा सट्टाही. १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी देणी भागेनात. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सट्ट्याचे बादशहा बुडाले, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या बुडाल्या, पुढे खुद्द बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. मुंबईची पडझड पुस्तकांत सविस्तर आहे. खानदेशातली पडझड मात्र सावकाराच्या वहीत लिहिली गेली. भाव गेला, कर्ज राहिले. ज्वारीचे शेत कापसाखाली गेले ते गेलेच. पुणे-नगरकडे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखते जाळली. त्या दंग्यांच्या चौकशीतही अमेरिकन युद्धाच्या तेजीत फुगलेल्या कर्जांचा उल्लेख आला.

इथपर्यंतचा इतिहास भावाचा आहे. याच घटनेकडे अगदी निराळ्या नजरेने पाहणारा एक मराठी माणूस होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. मुंबई इलाख्यातल्या व्यापाऱ्यांना त्या युद्धात कापूस दिसला. फुल्यांना त्या कापसाच्या शेतात उभा असलेला माणूस दिसला, आणि त्याच्यात त्यांनी आपल्याकडचा शूद्रातिशूद्र ओळखला. त्याच साली सत्यशोधक समाज निघाला, दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. अमेरिकेच्या इतिहासाचा मराठीतला पहिला खरा अभ्यासक कोण, असे विचारले तर मी फुल्यांचे नाव घेईन. सनावळी त्यांनी दिली नाही. वळण कुठले आणि ते कुणासाठी, हे मात्र नेमके पकडले.

फुल्यांच्या आशेचे पुढे काय झाले, हेही वाचकाने पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १८६५ ते १८७० या काळात तीन दुरुस्त्या झाल्या. गुलामी संपली, नागरिकत्व मिळाले, काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. १८७७ मध्ये उत्तरेने दक्षिणेतून लष्कर काढून घेतले आणि पुनर्रचना गुंडाळली गेली. मुक्त झालेल्या माणसाला जमीन मिळाली नव्हती. तो जुन्याच मालकाची जमीन बटाईने करू लागला. बियाणे, मीठ, कापड गावातल्या दुकानदाराकडून उधार, आणि तारण म्हणून शेतात उभे असलेले पीक. मिसिसिपीतला हा बटाईदार आणि पारोळ्याचा किंवा शिंदखेड्याचा कर्जबाजारी कुणबी एकमेकांना कधी भेटले नाहीत. दोघांच्या मालाचा भाव मात्र लिव्हरपूलच्या एकाच फळ्यावर लिहिला जात होता, आणि दोघांची वही दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. युद्धानंतर अमेरिकेचे कापूस-उत्पादन पूर्ववत झाले, त्याहून वाढले. भाव उतरत गेले. खानदेशावर १८७६-७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा शेतकऱ्याच्या कणगीत धान्य का नव्हते, याच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर या फळ्यावर आहे.

दुसरा टप्पा मी झपाट्याने ओलांडला आहे. १८६९ मध्ये अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे झाली, १८७० मध्ये रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल उभी राहिली, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकेने कारखानदारीत इंग्लंडला मागे टाकले. आपल्याकडे या पर्वाचा परिणाम रॉकेलच्या डब्यातून आला. करडई-तिळाच्या तेलाच्या दिव्याची जागा रॉकेलच्या चिमणीने घेतली आणि रिकाम्या डब्याला हजार उपयोग सापडले. खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा दुभागला गेला. जळगाव आणि धुळे ही दोन ठाणी झाली. तिकडे मूळ रहिवाशांच्या जमिनी कायद्याने आणि बंदुकीने काढून घेऊन वसाहतदारांना दिल्या जात होत्या. इकडे सातपुड्यातले भिल्ल जंगलकायद्यांखाली आपल्याच रानात परके होत होते. हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही, पण दोन्हींचे तपशील वेगळे आहेत, म्हणून ते स्वतंत्र प्रकरणात ठेवले आहे.

तिसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर चाळीसगाव आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारख्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळ्याकडचे काम आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या अस्पृश्य बांधवांनी रात्रभर मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्टेशनवर बराच वेळ थांबल्यावर टांगा आला. नदीवरच्या मोरीपाशी टांगा उसळला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला; घोडा-टांगा खाली नदीत गेला. मागाहून उलगडा झाला. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याला महारवाड्यापर्यंत चालत नेणे वस्तीला अपमानाचे वाटले. मग तोड निघाली की टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र वस्तीतल्याच कुणीतरी. ज्याने लगाम धरला त्याने तो पूर्वी कधी धरलेला नव्हता. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि कोलंबियाचा पदवीधर, बॅरिस्टर असलेल्या माणसापेक्षा आपण श्रेष्ठ आहोत असे साध्या टांगेवाल्यालाही वाटते, हे त्यातले त्यांचे निरीक्षण आहे.

ही घटना ऑक्टोबर १९२९ मधली. त्याच महिन्याच्या अखेरीस वॉल स्ट्रीटवर शेअर कोसळले आणि महामंदी सुरू झाली. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवल्या आहेत, कारण अमेरिका आपल्याकडे ज्या दोन वाटांनी येते त्या इथे एकाच महिन्यात दिसतात. विचाराची वाट चाळीसगावच्या मोरीवर अडखळली. भावाची वाट मात्र बिनअडथळा होती. तिकडे कापूस पौंडाला सुमारे १७ सेंटवरून दोन-तीन वर्षांत ६ सेंटच्या आसपास आला, आणि जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा इथले भाव त्याच्यामागून घसरले. १९३३ मध्ये रूझवेल्टच्या सरकारने अजब उपाय केला. शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे एक कोटी एकरांवरची उभी कपाशी नांगरून टाकायला लावली, म्हणजे माल घटेल आणि भाव चढेल. तिथल्या बटाईदारांच्या हाती त्या पैशातले फारसे काही लागले नाही, उलट पुष्कळांची जमीन सुटली. इकडे सरकारकडून अशी भरपाई मिळण्याचा प्रश्नच नव्हता. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी त्यासाठी राबले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि सारा, खंड, कर्ज यांतून शेतकऱ्याला सोडवण्याचा कार्यक्रम तिथे मांडला गेला. त्या ठरावामागची नड समजायची असेल तर १९२९ नंतरच्या कापसाचा भाव हाताशी हवा.

चौथ्या टप्प्यात अमेरिका आपल्या ताटात आली. १९५४ च्या पी. एल. ४८० कायद्याखाली तिथला शिलकी गहू रुपयांत मिळू लागला. भाकरी खाणाऱ्या खानदेशात रेशनवर तांबडा गहू आला. १९६५-६६ च्या अवर्षणांत अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोडी थोडी, दोर आखडून सोडली. व्हिएतनामबाबत भारताने घेतलेली भूमिका हे त्यामागचे एक कारण होते. दुसऱ्याच्या कोठारावर पोट ठेवले की बोलायचे स्वातंत्र्य किती उरते, हा धडा तेव्हाच्या राज्यकर्त्यांना मिळाला आणि संकरित बियाण्यांच्या शेतीला त्यातूनच वेग आला. १९७२ च्या दुष्काळातली तांबडी मिलो ज्वारी तर जुन्या माणसांच्या जिभेवर अजून आहे. कौतुकाने कुणी तिचे नाव घेत नाही. अमेरिकन गव्हाबरोबर गाजरगवत आले, असे सर्वत्र म्हटले जाते. ते कसेही आले असो, आज बांधावर, पडीक गावठाणात, एस.टी. स्टँडच्या मागे ते उभे आहे, आणि निंदायला गेलेल्या बाईच्या हातावर चट्टे उठतात तेव्हा तिला शीतयुद्धाचा संबंध कुणी सांगत नाही.

याच काळात अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडत होती. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल १९५४ चा, नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा, मतदानहक्काचा १९६५ चा. पुनर्रचनेच्या काळात कागदावर दिलेले हक्क प्रत्यक्षात यायला शंभर वर्षे लागली. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ मध्ये निघाला आणि त्यावरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपासून निघालेला धागा शंभराव्या वर्षाच्या तोंडाशी पुन्हा सापडला, असे मी म्हणतो ते याचमुळे. पश्चिम खानदेशातल्या शहाद्याकडे त्याच सुमारास आदिवासी शेतमजूर गमावलेल्या जमिनींसाठी संघटित होत होते. त्यांना अमेरिकेकडून काही शिकायचे नव्हते. त्यांचे प्रश्न मात्र वाचकाला ओळखीचे वाटतील.

पाचव्या टप्प्याचे मूळ अमळनेरात शोधता येते. १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचा मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता, तो परतला. १९७७ मध्ये आयबीएम भारतातून गेली, संगणकाची बाजारपेठ मोकळी झाली आणि तुपाची ही कंपनी त्यात उतरली. २००० साली विप्रो न्यूयॉर्क शेअरबाजारात नोंदली गेली. अमेरिकेने १९६५ मध्ये बाहेरच्या देशांसाठी दार उघडले होते, १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आणला. त्याच १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झाले, जे आज बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. जळगाव-धुळ्याची मुले पुणे-मुंबईमार्गे कॅलिफोर्निया-टेक्सासला पोहोचली ती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर. व्हिसाचा नियम वॉशिंग्टनमध्ये बदलतो आणि चिंता देवपुरातल्या किंवा रिंगरोडवरच्या घरात सुरू होते, हे आता नवे राहिलेले नाही.

शेतात मात्र गोष्ट दुसऱ्या बाजूने घडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये, आनंद चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या खटल्यात, माणसाने घडवलेल्या सजीवावर पेटंट घेता येते असा निकाल दिला. त्या वाटेने पुढे बीटी कापूस आला. अमेरिकेत १९९६ मध्ये, भारतात २००२ मध्ये. सुरुवातीची वर्षे बरी गेली, फवारण्या घटल्या, उतारा वाढला. मग बियाण्याच्या पाकिटात तंत्रज्ञानाचे शुल्क किती, यावर भांडणे झाली, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर बोंडे पोखरली. अमेरिकेत बिगर-बीटी कपाशी कडेला राखून, आणि निर्मूलनाची मोहीम चालवून या अळीला आवरले गेले. आपल्याकडे तुकड्यातुकड्यांची शेती, बिगर-बीटीचे वेगळे पाकीट बहुतेकांनी पेरलेच नाही, आणि ओलिताच्या फरदडीने अळीला बारमाही घर मिळाले. तंत्र आले, ते वापरायची शिस्त आणि तिला लागणारी व्यवस्था आली नाही. उलट दिशेचे एक उदाहरणही द्यायला हवे. जळगावात रॉकेलच्या विक्रीपासून सुरुवात केलेल्या भवरलाल जैन यांच्या कंपनीने २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातली, ठिबक सिंचनात जुनी असलेली चॅपिन वॉटरमॅटिक्स ही कंपनी विकत घेतली. एवढ्यावरून खेळ बरोबरीचा झाला असे कुणी मानू नये. पण जळगावने फक्त घेतलेच आहे, हेही खरे नाही.

हे पुस्तक छापायला जाईपर्यंत शेवटचे प्रकरण दोनदा दुरुस्त करावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क दोन टप्प्यांत ५० टक्क्यांवर नेले. कापडाच्या निर्यातदारांना दिलासा म्हणून भारत सरकारने त्याच महिन्यात कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले आणि पुढे वर्षाअखेरपर्यंत ती सवलत वाढवली. म्हणजे कपाशी वेचणीला येण्याच्या ऐन तोंडावर परदेशी कापसाला दार मोकळे झाले, आणि त्यात अमेरिकन कापूसही होता. तिरुपूरच्या कारखान्याची नड आणि चोपड्याच्या शेतकऱ्याची नड एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. तिढा घालणारा तिसराच होता. १८६५ चा वाचक आज असता तर त्याला यातले पुष्कळ कळले असते.

या पुस्तकात काय नाही, तेही सांगून टाकतो. अध्यक्षांची यादी नाही, लढायांचे नकाशे नाहीत, चंद्रावरच्या पावलाला एक परिच्छेद आहे. अमेरिकेची निंदा किंवा स्तुती करण्याचे काम इतर पुष्कळजण करतात. मला प्रत्येक वळणावर तीनच प्रश्न विचारायचे होते: तिथे काय बदलले, तिथे कोण भरडला गेला, आणि त्यातले आपल्यापर्यंत काय पोहोचले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊन थांबणारा इतिहास मला अपुरा वाटतो. दुसरा प्रश्न टाळला की माणूस वगळून फक्त भाव उरतो, आणि मग आपणही कुणाच्या तरी लेखी फक्त भाव होतो.

शेवटी एक विनंती, आणि ती मनापासून आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी साधने गोळा करायला गावेच्या गावे पालथी घातली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. त्यांनी जमवलेली दप्तरे मुख्यतः राज्यकर्त्यांची आणि संतांची आहेत. कापसाच्या व्यवहारातले कागद मात्र अजून घराघरांत पडून असतील: आडत्यांच्या रोजमेळाच्या वह्या, जिनच्या पावत्या, उचलीच्या चिठ्ठ्या, मुंबईहून आलेल्या भावाच्या तारा. मोडी वाचता येत नाही म्हणून किंवा जुने घर पाडायचे म्हणून त्या रद्दीत जातात. या पुस्तकातली मुंबई आणि लिव्हरपूलची बाजू छापील साधनांवर उभी आहे. एरंडोलच्या, यावलच्या, शिरपूरच्या शेतकऱ्याची बाजू मला बरीचशी अनुमानाने मांडावी लागली. ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्याआधी अभ्यासकाला दाखवावी. या पुस्तकातली अनुमाने त्या कागदांनी खोडून काढली, तरी माझी तक्रार नसेल.